दोन चटयांची परवानगी

उमेसाबुरोने मिटलेला पंखा गुडघ्यांपुढे आडवा ठेवला, दोन्ही तळहात चटईवर टेकले आणि कपाळ पंख्याला लागेल इतके खाली नेले. त्याच्या काळ्या रेशमी अंगरख्यावर घराण्याचे चिन्ह पाच ठिकाणी उमटवलेले होते. असा पोशाख नट लोक फार थोड्या प्रसंगी घालतात; एखाद्या गुरूकडे भूमिका मागायला जाणे हा त्यांपैकी एक. त्याच्यासमोर मनगटाएवढ्या जाड लाकडी गजांची भिंत होती आणि गजांमागे, दोन चटयांच्या जागेत, पन्नाशीकडे झुकलेली चिसे बसली होती.

"बाई, एक भूमिका शिकायची आहे," तो जमिनीकडे पाहतच म्हणाला. "पदरात घ्यावं."

चिसेने मागे वळून पाहिले. मागे भिंत होती.

दारात उभ्या असलेल्या तात्सुमीने, तिच्या धाकट्या भावाने, बाहीच्या आत किल्ली घट्ट धरली. अकरा वर्षांत या खोलीत तीन प्रकारची माणसे आली होती: दर महिन्याच्या वीस तारखेला पोलीस हवालदार, वर्षातून एकदा डॉक्टर, आणि दिवसातून तीनदा जेवण घेऊन तात्सुमीची बायको शिगे. यांपैकी कुणी गुडघे टेकले असतीलच, तर ते ताट आत सरकवण्यासाठी.

अर्ध्या तासापूर्वी शिगेने या पाहुण्याला मोठ्या अदबीने बाहेरच्या खोलीत बसवले होते.

"हे आहेत घरात. बोलावते हं."

"ते नव्हेत, वहिनी. मला मागच्या खोलीतल्या बाईंना भेटायचंय."

"मागच्या खोलीत कुणी नसतं," शिगे म्हणाली. अकरा वर्षांच्या सरावाने हे वाक्य तिच्या तोंडी इतके गुळगुळीत झाले होते की तिने त्यासोबत चहाही पुढे केला.

"नसेनात का," उमेसाबुरो चहा घेत म्हणाला. "मी थांबतो. मला आता कामधंदा नाहीच. गावात नट्या आल्यापासून मीसुद्धा कुठं असतो?"

हे खरे होते. वीस वर्षे तो स्त्रीपार्टी नट होता. पडद्यावर त्याने बावीस सुना, नऊ विधवा आणि एक राजमाता उभी केली होती. मग चार वर्षांपूर्वी कंपन्यांना असा शोध लागला की बायका बायकांचे काम करू शकतात, आणि उमेसाबुरो शेहेचाळिसाव्या वर्षी कालबाह्य झाला. त्याला पुन्हा बोलावणारा एकच निघाला: कुझे नावाचा तरुण दिग्दर्शक. परदेशी मासिके वाचून त्याने ठरवले होते की वेडाविषयी एक चित्रपट काढायचा, त्यात पडद्यावर शब्दांची एकही पाटी घालायची नाही, संवाद नाही, गोष्ट नाही. केवळ एका वेड्या स्त्रीच्या मनात घुसलेला कॅमेरा. पैसे नसल्याने त्याने रंगाऱ्यांची एक ओस पडलेली वखार भाड्याने घेतली होती.

तात्सुमी त्या वखारीत गेला तो आपल्या व्यवसायापायी. तो बेन्शी होता. पडद्याशेजारी दिव्याच्या मेजामागे उभे राहून मुक्या चित्रांना शब्द पुरवणे हे त्याचे काम. सेन्बोन रस्त्यावरच्या काशिवा थिएटरच्या मालकाने, गोन्दाने, त्याला तालीम पाहायला धाडले होते.

"या चित्राला धड गोष्ट नाही म्हणतात," गोन्दा म्हणाला होता. "ती तुम्ही घाला. लोक तुमचं नाव वाचून येतात, त्या पोराचं नाही."

तालमीत उमेसाबुरो हातात बांबूची हिरवी फांदी घेऊन आला. केस मोकळे, एक बाही खांद्यावरून घसरलेली, पाऊल तिरके. रंगभूमीवर वेडी स्त्री अशीच येते. फांदी दिसली की प्रेक्षक रुमाल काढतात. त्या स्त्रीचे मूल हरवलेले असते किंवा प्रियकर गेलेला असतो. तिसरे कारण कुणाला सुचलेले नाही. शेकडो वर्षांत रंगभूमीवर एकही स्त्री विनाकारण वेडी झालेली नाही. नाटके लिहिणाऱ्या पुरुषांनी एवढी शिस्त कटाक्षाने पाळली, आणि पुढे विद्वानांनी त्या शिस्तीला सौंदर्यशास्त्र असे नाव दिले.

"थांबा," कुझे ओरडला. "हे वेड मी माझ्या आजीबरोबर पाहिलंय."

"आजींना आवडलं होतं का?"

"रडली होती."

"मग झालं की!"

"उमेसाबुरोसाहेब, मला तुमचं नाटक नको. मला वेड पाहिजे."

"ते कुठल्या दुकानात मिळतं तेवढं सांगा, मी पिशवी घेऊन जातो."

कुझेने सगळ्यांना वेड्यांच्या एका इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरांनी उत्साहाने बारा रुग्ण ओळीने उभे केले. पाहुणे आले की काय करायचे हे त्या बारा जणांना कुठल्याही नटापेक्षा चांगले ठाऊक होते. एक हसली, एकाने गाणे म्हटले, एकीने डोळे फिरवले. पाहुणे निघून जाताच सगळे आपापल्या जागी जाऊन निमूट बसले. कुझेने वहीभर टिपणे काढली. उमेसाबुरोने काहीच लिहिले नाही.

परतल्यावर तो डोळे फिरवून पाहत होता, तेव्हा कोपऱ्यात बसलेला तात्सुमी अर्धवट स्वतःशीच बोलून गेला:

"डोळे फिरवत नाहीत. बहुतेक वेळ नुसते कामात असतात."

उमेसाबुरोचे डोळे फिरायचे थांबले. त्याने काही विचारले नाही. पण क्योतोतल्या निशिजिनच्या विणकरवस्तीत गुपित याचा अर्थ एवढाच की गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि ती बोलण्याची जबाबदारी प्रत्येकाने शेजाऱ्यावर सोपवलेली असते. भाजीवालीकडून दोन जुड्या जास्त घेताच त्याला पत्ता मिळाला. एका आठवड्याने तो पंखा, मिठाईचा डबा आणि पाच चिन्हांचा अंगरखा घेऊन दारात उभा राहिला.

"शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही," चिसे शेवटी म्हणाली. "आणि मला वेळ नाही. मी कामात आहे."

"कसलं काम, बाई?"

हा प्रश्न या खोलीत नवा होता.

चिसेने उजवा हात गजांतून बाहेर काढला. मधल्या बोटाच्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या नखाला करवतीसारखे बारीक दाते पाडलेले होते.

"नखं घासतेय. शिगे दर आठवड्याला कापते. मग पुन्हा पहिल्यापासून."

निशिजिनमध्ये नखांचे असे दाते म्हणजे पदवीचे प्रमाणपत्र. नक्षीचा बारीक पट्टा विणणाऱ्या बायका आडवा धागा फणीने नव्हे, नखांनी ठोकून बसवतात. त्यासाठी नख वर्षानुवर्षे घासतात. विणकराच्या घरात वाढलेल्या तात्सुमीला हे अक्षरओळखीच्याही आधीपासून माहीत होते. तरीही वेड्या माणसाला घरी कोंडण्याच्या पोलिसांच्या छापील अर्जात 'हिंसक लक्षणे' असा रकाना होता, तो रिकामा ठेवणे बरे दिसत नव्हते, आणि अकरा वर्षांपूर्वी त्याने त्यात स्वच्छ अक्षरात लिहिले होते: नखांनी ओरबाडते. त्या एका ओळीवर डॉक्टरांनी सही केली, चौकीने शिक्का मारला आणि सरकारने मोठ्या उदारपणे दोन चटयांची परवानगी दिली. कायद्यात गजांची जाडी होती, दोन गजांमधले अंतर होते, ताट सरकवण्याच्या फटीची उंची होती. आत बसणाऱ्याला काही विचारावे असे कलम मात्र कायदा करणाऱ्या एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही सुचले नव्हते.

दाते पाडायला चिसेकडे कौलाचा एक तुकडा होता. तो चटईच्या कडेखाली असे. शिगे झाडताना तो उचलत असे, खाली साफ करत असे आणि पुन्हा तिथेच ठेवत असे. हे तात्सुमीला त्या दिवशी प्रथमच कळले, कारण उमेसाबुरोने तो तुकडा दोन्ही हातांनी मागून घेतला तेव्हा जागा शिगेनेच दाखवली.

त्या दिवसापासून तो लागोपाठ सात दुपारी आला. गजांच्या बाहेर बसून त्याने आपली नखे घासली. चिसे कठोर गुरू निघाली.

"हात नंतर. आधी ऐक."

"काय ऐकू?"

"मुनेओकांचा माग. आज खोटं बोलतोय."

गल्लीत पहाटेपासून दिव्यापर्यंत मागांचा खटखटाट चालू असे. बाकीच्यांना त्यात खटखटाट ऐकू येई. चिसेला बोलणे ऐकू येई, आणि ती उत्तरे देई, कधी रागाने, कधी हसून, कधी तासभर. तिचे वेड खरे होते. उमेसाबुरोने त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला नाही. तो मान किंचित कलती करून ती जिकडे ऐकत होती तिकडे ऐकत राहिला. आठव्या दिवशी वखारीत त्याने फांदी मागितली नाही. कॅमेऱ्यासमोर तो नुसता बसला, मान कलती केली आणि हवेत नसलेल्या धाग्यावर नख टेकवले. कुझेने, ज्याला दर वाक्यानंतर एक सिद्धान्त सुचत असे, कॅमेरा फिरता ठेवण्याची नुसती खूण केली.

नोव्हेंबरच्या अखेरीस काशिवा थिएटरात दुपारचा पहिला खेळ लागला. नियमाप्रमाणे डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. बहुतेक सगळे मागावरून उठून आलेले, खांद्यांवर रेशमाचे तंतू. तात्सुमीने भाषण तयार ठेवले होते. ते सुरेख होते. पडदा उजळताच त्याने आवाज लावला.

"पाहा, सभ्य स्त्रीपुरुषहो! निष्ठुर प्रियकराने टाकलेली ही अभागिनी! विरहाच्या अग्नीत हिच्या बुद्धीची राख..."

तेवढ्यात पडदाभर एक हात आला. बाकी काही नाही. एक हात, दोन नखे, नखांचे दाते.

"विरह कसला मेला!" बायकांच्या बाजूने म्हातारी कुमे ओरडली. साठ वर्षे मागावर बसलेल्या कुमेला मनातल्या मनात काही म्हणता येत नसे. "विणतेय ती!"

"नखं बघ की. पक्की नखं आहेत."

"ओ बेन्शी, निशिजिनातच राहता ना तुम्ही? का मागच्या जन्मी राहत होता?"

हशा उसळला. व्हायोलिनवाल्याचा गज थांबला. तात्सुमीने कागदाकडे पाहिले. पुढची ओळही विरहाविषयी होती.

"होय," तो म्हणाला. "विणतेय."

"पण काय विणतेय हो?" पुरुषांकडून कुणीतरी विचारले. थट्टा नव्हती, धंद्यातल्या माणसाचा प्रश्न होता.

बेन्शीला उत्तर ठाऊक नसते असे कधी होत नाही. त्याला लोक त्याचसाठी जपतात. पडद्यावरच्या कुत्र्याच्या मनातले त्याला कळते, मेलेल्या सामुराईच्या मनातले कळते. तात्सुमीने मेजाची कड धरली.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "अकरा वर्षांत मी विचारलं नाही."

अकरा वर्षे हा आकडा त्या थिएटरातल्या प्रत्येकाला मोजता येत होता. उरलेला चित्रपट शब्दांशिवाय आणि वाद्यांशिवाय चालला. भिंतीपलीकडच्या गल्लीतून मागांचा आवाज येत होता, आणि पडद्यावर मान कलती करून बसलेली स्त्री तो ऐकत होती. खेळ संपल्यावर कुमे थिएटरच्या दारात थांबली, तात्सुमीपुढे कमरेत वाकली आणि निघून गेली. कुझेने धावत येऊन त्याचे हात धरले. पाटीवर आणि निवेदनावर आपल्या सिद्धान्ताचा विजय झाला अशी त्याची खात्री पटली होती. तात्सुमीने ती मोडली नाही. विजय झालेल्या माणसाशी वाद घालण्याइतके बळ त्याच्यात नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी उमेसाबुरो आभार मानायला आला. पुन्हा तोच अंगरखा, पंखा, कपाळ खाली.

"बाईंनी दिलेली भूमिका पार पडली. ऋणी आहे."

"पडली?" चिसे म्हणाली. "कुणी सांगितलं?"

"लोक म्हणतात, बाई."

"लोकांनी शिकवली होती का? मी पाहिलीय कुठं?"

उमेसाबुरो मान वर करून ताठ बसला आणि हळूच तात्सुमीकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर खोडकरपणाचा लवलेश नव्हता.

"बाईंचं बरोबर आहे. गुरूनं पाहून बरं-वाईट सांगितल्याशिवाय आभार पुरे होत नाहीत. आमच्यात तोवर दुसरी भूमिका घेता येत नाही. मला तर आयुष्यात पहिल्यांदाच तीन कंपन्यांची बोलावणी आलीत."

"थिएटरात?" तात्सुमी म्हणाला. "ते शक्य नाही. परवानगीत तसं..."

वाक्य त्याने अर्धेच सोडले, कारण अडचण परवानगीची नव्हती. अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत चिसेने मागावरचा तीन महिन्यांचा तयार पट्टा कात्रीने कापला होता आणि त्याच संध्याकाळी ती कामो नदीत गुडघाभर पाण्यात उभी सापडली होती. मागाने बोलावले म्हणाली. तात्सुमीने तिला पाठीवरून घरी आणले. त्या दिवसापासून भीती त्याला जडली आणि गज तिच्या वाट्याला आले.

तो गजांजवळ गेला. उभ्याने बोलणे त्याला बरे वाटेना म्हणून खाली बसला. उमेसाबुरोने थोडे सरकून त्याला जागा दिली.

"ताई, तू काय विणतेस?"

चिसेने त्याच्याकडे असे पाहिले जसे धाकट्या भावाकडे पाहतात, तो शाळेतून फार उशिरा आल्यावर.

"तोच पट्टा. कापलेला."

"का कापला होतास?"

"त्यात चूक होती. तिसऱ्या दिवशीची. कुणाला दिसली नसती. वर तीन महिने विणलं गेलं, पण चूक आतच होती. पुन्हा विणायला घेतलाय."

तात्सुमीचे डोळे भरून आले. इतके साधे कारण होते. धंद्यातली कुठलीही बाई हे समजू शकली असती. व्यवसायाने त्याला शिकवले होते की इथे थांबावे, इथे आवाज खाली आणावा, इथे दिवा मंद करावा.

"आणि मागानं पण सांगितलं," चिसे म्हणाली. "काप म्हणाला. रडत होता तो."

हे दुसरे वाक्य कुठल्याही गोष्टीत बसणारे नव्हते. ते गाळून पहिलेच ठेवावे असा मोह त्याला झाला. अशा गाळण्यावरच तो इतकी वर्षे जेवला होता. पण त्याने दोन्ही वाक्ये तशीच राहू दिली.

"कुठवर आलाय पट्टा?"

"चुकीच्या जागेच्या पुढं गेले कालच. आता अडचण नाही."

दारातून शिगेचा आवाज आला. "दुपारचा खेळ एकला लागतो. वन्संना माझी राखाडी शाल होईल. आणि हात मी धरीन, तुम्ही नका धरू. तुम्ही फार घट्ट धराल."

त्याने बाहीतून किल्ली काढली. कुलूप चटकन उघडले. शिगे त्याला दर महिन्याला तेल घालत असे.

निघताना शिगे "चूल बघून येते" म्हणून मागे राहिली आणि थंडीच्या दिवसांत घामाघूम होऊन बाहेर आली. चिसे गल्लीत हळूहळू चालत होती. प्रत्येक घरापाशी थांबे, ऐके, मान हलवी. मुनेओकांच्या दारापुढे ती काहीतरी रागाने पुटपुटली आणि आतला माग क्षणभर थांबला. कदाचित धागा तुटला असेल. कोपऱ्यावर कुमे भेटली.

"काय गं चिसे," कुमे म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी!"

अकरा वर्षांना याहून सभ्य शब्द क्योतोत नाही.

थिएटरात ती बायकांच्या बाजूला शिगे आणि कुमे यांच्यामध्ये बसली. तात्सुमी मेजामागे उभा राहिला, त्याने रिवाजाप्रमाणे प्रेक्षकांना वंदन केले, दिवा विझवला आणि तोंड उघडले नाही. अर्ध्या खेळात चिसे उठली. तात्सुमीचा हात दिव्याकडे गेला. पण तिने पुढच्या बाईला फक्त डोके बाजूला करायला सांगितले आणि ती परत बसली.

खेळ सुटल्यावर उमेसाबुरो, रस्त्यावर, भर गर्दीत, अंगरख्यासकट गुडघ्यांवर बसला.

"हात ठीक," चिसे म्हणाली. "मान चांगली. पाय मेलेले."

"चित्रात पाय येत नाहीत, बाई."

"येत नाहीत म्हणून नसतात का? विणणारीचे पाय कधी गप्प नसतात. पुढच्या वेळी ध्यानात ठेव."

"ठेवतो." तो वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. पलीकडे भजीवाल्याने तेवढा वेळ झारा वर धरून ठेवला होता. मग उमेसाबुरो उठला, गुडघे झटकले आणि चिसेला विचारले, "आता दुसरं काम घेऊ ना, बाई? परवानगी आहे?"

"घे. पण भलतंसलतं करू नकोस."

घरी पोचेपर्यंत चिसे दमली. बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्याशी ती पाय सोडून बसली आणि शिगेने तिच्यापुढे गरम पाणी ठेवले. तात्सुमी एकटाच मागच्या खोलीकडे गेला. जे करायचे ते लवकर उरकावे, तिला दमलेली असतानाच आत न्यावे, म्हणजे तिला कमी कळेल, असा हिशेब करत त्याने किल्ली पुन्हा बाहेर काढली. स्वतःच्या या हिशेबाची त्याला किळस आली, तरी पाय चालतच होते. खोलीत मुळ्याचा उग्र वास होता.

गजांच्या आत, दोन्ही चटया गुंडाळून कडेला उभ्या केल्या होत्या आणि मधोमध एक लाकडी पिंप होते, छातीएवढे उंच, काठोकाठ भरलेले.

"हे काय?"

शिगे कमरेच्या फडक्याला हात पुसत मागे आली होती.

"मुळे. कोंडा-मीठ लावून मुरत घातलेत. थंड, काळोखी जागा लागते त्यांना."

"इथं?"

"मग कुठं? पडवीत ऊन येतं." ती त्याच्याकडे न पाहता पिंपाच्या कडेवरचा कोंडा आत लोटत होती. "वन्संचं अंथरूण मधल्या खोलीत घातलंय. माझ्या शेजारी. रात्री उठल्या तर मला जाग येते. मला अकरा वर्षं जाग येतेच आहे."

तात्सुमी गजाला धरून उभा राहिला. नदी हा शब्द त्याच्या तोंडाशी येऊन थांबला.

"ठाऊक आहे मला," शिगे म्हणाली. "दाराला घुंगरू बांधीन. पुरेसं नाही, तेही ठाऊक आहे."

"वीस तारखेला हवालदार येईल."

"तुम्ही उद्याच चौकीवर जा. कोंडायचा अर्ज असतो तर सोडायचाही असेल ना?"

असतो. त्याला ते माहीत होते. तो अर्ज चौकीत दुसऱ्या कपाटात असतो, आणि तो कुणी मागत नाही म्हणून त्याची चळत अजून कोरी करकरीत आहे, असे हवालदारानेच एकदा हसत हसत सांगितले होते.

त्याला काहीतरी म्हणायचे होते. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या वतीने हजारो बायकांना धन्यवाद दिले होते, निरनिराळ्या आवाजांत, रडून, हसून, मरता मरता. त्यांतले एकही वाक्य या खोलीत चालण्यासारखे नव्हते.

"उभे काय राहिलात?" शिगे म्हणाली. "वर दाबाला ठेवायला दगड आणा अंगणातून. जड बघून आणा. उन्हाळ्यापर्यंत हलवायचं नाहीये मला ते."

तो अंगणात गेला. कुंपणाशी चार दगड पडले होते. पहिला त्याने एका हाताने उचलून पाहिला आणि ठेवून दिला. दुसरा दोन्ही हातांनी सहज उचलला गेला. तोही त्याने ठेवला. तिसऱ्याने थोडा दम काढला. चौथा अर्धा मातीत रुतलेला होता, त्याच्या कडांना शेवाळ होते, आणि तो उचलायला त्याला गुडघे टेकावे लागले.